नेरिसच्या लग्नाचे निळे केकस्टँड

एलुनेडने क्रीमचा बन उचलून उलटा केला. बुडाला निळा डाग लागला होता.

"इद्रिस, हा रंग कुठला रे?"

इद्रिस खुर्चीवर चढून चॅपलच्या हॉलमध्ये पताका बांधत होता. "का? दिसत नाही चांगला?"

टेबलावर सहा केकस्टँड उभे होते. जुन्या लाकडी ताटल्यांखाली मेणबत्तीच्या स्टँडचे दांडे चिकटवलेले, आणि सगळ्यांना एकच निळा रंग. उद्या नेरिसचं, त्याच्या चाळिशीला आलेल्या मुलीचं लग्न होतं. बायको मेगन गेल्यापासून इद्रिसने घरातला दिवासुद्धा बदलला नव्हता. वसंतात एके दिवशी त्याच्या शेडमधून करवतीचा आवाज आला, तेव्हा शेजारची एलुनेड चहा ओतायचा विसरून भिंतीपाशी ऐकत उभी राहिली होती.

"छान दिसतो. पण डबा कुठला?"

"शेडमधलाच. नेरिसच्या वेळी मेगनने फाटक रंगवलं होतं ना, एवढं पोट घेऊन? त्यातला उरलेला. वर साय धरली होती, ती काढली. बघ, अजून तसाच आहे."

एलुनेडचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला होता. तिने त्या स्टँडवरचे बन काढून वेगळे ठेवले.

टेबलक्लॉथ घेऊन आलेल्या नेरिसने ते पाहिलं आणि तिला आतल्या स्वयंपाकघरात ओढलं.

"मावशी, बनांखाली कागदाची जाळी घालू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"लोणी कागदातून पाझरतं गं."

"बाबा किती दिवसांनी हसले. तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग?"

एलुनेडला वाद घालता येत नसे. ती आधीच कोरडे असलेले हात पुसत राहिली.

"तुझ्या नणंदेची चिमुरडी येणार उद्या. ती आधी आयसिंग चाटेल, मग ताटली. जुन्या रंगात शिसं असायचं. यात आहे की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही, म्हणूनच मी त्यावर केक ठेवणार नाही."

"मग तूच सांग त्यांना," नेरिस म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

एलुनेड बाहेर आली. "इद्रिस, जरा खाली उतर."

तिने सगळं सांगितलं, बन दाखवला. त्याने त्या डागावरून बोट फिरवलं.

"मला वाटलं, हवा दमट आहे म्हणून सुकत नाहीये," तो म्हणाला. मग, "मेगनने तर ब्रशसुद्धा चाटून बघितला असता."

"आणि मी तिला ओरडले असते."

तो हसला नाही. एकेक स्टँड कागदात गुंडाळून त्याने खोक्यात भरला, कोट चढवला आणि निघून गेला. पताका अर्ध्याच बांधून झाल्या होत्या. दोघी बायकांनी कपाटातल्या पांढऱ्या बशा काढून धुतल्या. नेरिस तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

सकाळी एलुनेड हॉलवर पोचली, तेव्हा दार उघडं होतं. उरलेल्या पताका बांधून झाल्या होत्या. केकच्या टेबलापासून दूर, उंच खिडक्यांमध्ये सहाही स्टँड मांडलेले होते, आणि त्यांवर जॅमच्या बरण्यांत मेगनच्या बागेतली फुलं.

"फुलं कोणी खात नाही ना?" मागून इद्रिसने विचारलं.

"नाही," एलुनेड म्हणाली.

दुपारी चहाच्या वेळी नवऱ्यामुलाच्या आत्याने खिडकीकडे बोट दाखवलं. "इतके सुंदर स्टँड, आणि केक साध्या बशांत?"

किटली हातात धरून एलुनेड थबकली.

"ते फुलांसाठीच केलेत," इद्रिस शांतपणे म्हणाला. "केक इकडे. लिंबाचा घ्या, तो एलुनेडचा आहे."

मग त्याने आपला कप एलुनेडपुढे धरला. त्याची बोटं घासून घासून लाल झाली होती. नखांच्या कडेला निळा रंग अजून होता. तिने कप भरला.