मिलुंकाबाईंच्या भिंतीवरील पिवळा रंग

वाचकांस सविनय कळविण्यात येते की, बनात या दूरदेशीच्या प्रांतातील दुदिनोवो या गावी मिलुंकाबाई नामक एका विधवेने, भिंतीवर टांगावयाच्या एका चित्रापायी, आपल्या दिवंगत पतीच्या जिवलग मित्रास कशा प्रकारे चकविले, त्याचा वृत्तांत पुढे सादर करण्याचे आम्ही योजिले आहे. चित्र अमूर्त होते. चकविणे मात्र पूर्णतः मूर्त स्वरूपाचे होते.

दुदिनोवो गावाची अशी रीत आहे की, दरसाल आलुबुखार पिकण्याच्या सुमारास शहरांतून चित्रकारांची एक टोळी गावी उतरते. एकेक चित्रकार एकेका घरी राहतो, तेथेच जेवतो, दिवसभर रंगवितो, आणि निघतेवेळी त्या घरास एक चित्र ठेवून जातो. ते चित्र पुढच्या खोलीत जेवणाच्या टेबलावरील भिंतीवर लागते. पुढे शरदात त्या घराच्या कुलसंताचा सण येतो, पाहुणे त्या चित्राखाली बसतात, आणि आधी सुपाची व मग चित्राची चिकित्सा करतात. ज्या घरी चित्र नाही, त्या घरी केवळ सुपाची चिकित्सा होते, आणि ती फार कडक होते.

मिलुंकाबाईंच्या घराची पाळी कैक वर्षांनी प्रथमच आली होती. त्यांनी भिंतीस चुना दिला होता, खिळासुद्धा ठोकून ठेविला होता. आपल्या फाटकाचे, त्यापुढून चालणाऱ्या बदकांचे, आणि जमल्यास फाटकाशी उभ्या असलेल्या स्वतःचे चित्र त्या खिळ्यावर लागावे, ही त्यांची मनीषा होती.

त्यांच्या वाट्यास इस्क्रा आली. ही नोवी साद शहरची मुलगी. केस आखूड, बोलणे मोजके, भूक दांडगी. तिने आल्या दिवशीच अंगणातील पडवीत कापड उभे केले आणि त्यावर भला मोठा निळा रंग फासला.

मिलुंकाबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. "आता यावर बदकं येणार का?"

"नाही, काकू."

"मग काय येणार?"

"पिवळा."

"पिवळं काय?"

"नुसता पिवळा."

मिलुंकाबाई म्हणाल्या, "तुझ्या आईला ठाऊक आहे का हे?"

"ती पण हेच विचारते."

दुसऱ्या दिवसापासून मिलुंकाबाईंनी मुलीस सन्मार्गावर आणण्याचे उपाय आरंभिले. त्यांनी बदके पडवीवरून हाकली, आणि ती मुद्दाम हळू हाकली. कोंबडा आखूड दोरीने कापडासमोर बांधला. अखेर लग्नातील भरतकामाचे जाकीट अंगात कोंबून त्या स्वतःच खिडकीत जाऊन बसल्या आणि मान वळवून दूर क्षितिजाकडे पाहत राहिल्या. इस्क्राने एकदाच डोके वर केले.

"काकू, मान अवघडेल."

तेव्हा त्यांनी अन्नाचा मार्ग धरिला. दुपारच्या पाप्रिकाशमधील, म्हणजे लाल मिरचीच्या रस्स्यातील, कोंबडी दिवसागणिक विरळ होत गेली, आणि एके दिवशी ताटलीत लाल पाण्याखेरीज काही उरले नाही. इस्क्राने तेही पावाने निपटून घेतले.

"आजचा रस्सा अगदी अमूर्त झालाय, काकू. कोंबडी कुठे दिसत नाही, पण ती होऊन गेली असं वाटत राहतं."

मिलुंकाबाईंना हसू आले. ते लपविण्यासाठी त्यांना पदार्थ करपल्याचे सोंग करून चुलीकडे पळावे लागले.

रस्त्यापलीकडे ओब्रादराव राहत. हे मिलुंकाबाईंच्या यजमानांचे बालमित्र. यांच्या घरी उतरलेल्या स्थूल व वृद्ध चित्रकाराने यांचा तांबडा घोडा असा हुबेहूब रंगविला होता की कानावरील माशीसुद्धा सुटली नव्हती. मिलुंकाबाई तो घोडा पाहून आल्या आणि त्यांच्या जिवास चैन पडेना. घोडा त्यांचा नव्हता, हे खरे. पण घोड्याला निदान चार पाय होते.

दोन घरांनी आपापसांत चित्रे बदलावयाची झाल्यास त्यास मुभा असे. मात्र हातावर हात मारून शब्द दिला की तो फिरवावयाचा नाही. शब्द फिरविणाऱ्याच्या घरी सणाला कोणी पाऊल टाकीत नसे.

"घोडा द्या मला," मिलुंकाबाई म्हणाल्या. "माझं घ्या तुम्ही."

"वहिनी, तुमचं म्हणजे ते डाग का?"

"डाग नव्हेत ते. समकालीन कला आहे."

"मग वर काहीतरी घाला."

ओब्रादरावांनी मुरंबा मागितला. त्याचे कारण असे की, त्यांची सासू पर्सिदाआजी गेल्या हिवाळ्यात धाकट्या लेकीकडे राहावयास गेली होती. ती या घरी होती तोवर जावयाने रकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, दुसरा पेला भरला की पाठीमागून तिचे खोकणे ऐकू येई. ती गेल्यावर ओब्रादरावांना तिच्या हातच्या आलुबुखाराच्या मुरंब्यावाचून दुसऱ्या कशाचीही उणीव भासली नव्हती. एक कढईभर मुरंबा ठरला, हातावर हात पडला, वर रकिया झाली. मिलुंकाबाई घोडा मिळाल्याच्या आनंदात घरी आल्या आणि त्यांनी रस्स्यात कोंबडी पुन्हा घातली.

मुरंब्याच्या दिवशी अंगणात कढई चढली. हा मुरंबा सकाळपासून लांब दांड्याच्या लाकडी पळीने एकसारखा ढवळावा लागतो. हात थांबला की तो बुडास धरतो. इस्क्रा नदीवर पोहावयास निघाली होती. तिने कापड पडवीच्या भिंतीशी कढईसमोर टेकवून ठेविले.

"काकू, ओलं आहे. कोंबड्यांना फिरकू देऊ नका."

"कोंबड्यांना कळतं कुठे जायचं ते."

मग अंगणात मिलुंकाबाई, कढई आणि ते चित्र, इतकीच मंडळी उरली. ढवळता ढवळता दुसरीकडे पाहावे असे काही नव्हते, म्हणून त्या त्याकडे पाहू लागल्या. प्रथम त्यांनी बदके शोधिली. मग फाटक शोधिले. काहीच सापडेना, तेव्हा कंटाळून त्यांनी शोधणे सोडून दिले.

खाली निळा होता, वर रुंद पिवळा, आणि कोपऱ्यात नखाएवढा लाल. निळ्याकडे पाहिले की पिवळा जरासा जवळ येई. पिवळ्याकडे पाहिले की तो मागे सरे, नव्या माणसाला बिचकणाऱ्या वासरासारखा. मिलुंकाबाईंनी त्याला फसवून पाहिले. निळ्याकडे पाहते असे दाखवून चटकन वर पाहिले. तो तितक्याच चपळाईने मागे सरला. त्या पुन्हा निळ्याकडे आल्या. त्यांचा हात केव्हा थांबला, ते त्यांना कळले नाही. ऊन पडवीच्या खांबावरून खाली उतरले, तेही कळले नाही. जे कळले ते नाकास कळले.

दुदिनोवोत मुरंबा करपणे ही गोष्ट लपत नाही. वास घेत घेत ओब्रादराव फाटकातून आत आले आणि कढईत डोकावले.

"वहिनी, तुमच्या हातून? जन्मात पहिल्यांदा."

"पहिल्यांदाच," मिलुंकाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा दुःखी होता, परंतु अंतःकरणात एक आशा उड्या मारू लागली होती. हे चित्र आता द्यावयाचे नाही, इतके त्यांना पक्के उमगले होते. "भाऊजी, मुरंबा गेला म्हणजे आपला सौदाही गेला. मला मेलीला तोंड दाखवायला जागा नाही."

"छे, छे. मुरंब्यासाठी मी अडून बसेन होय? आमचा पाहुणा म्हणतो, राजधानीत या मुलीच्या चित्रांपुढे लोक तासन् तास उभे राहतात. मुरंब्याशिवायच न्या घोडा."

मिलुंकाबाईंची आशा उडी मारता मारता मध्येच थिजली. नाही म्हणावे तर शब्द फिरतो, आणि सणाला घर ओस पडते. हो म्हणावे तर पिवळा जातो. त्यांनी पळी पुसली, कमरेच्या फडक्याने हात पुसले, आणि सावकाश म्हणाल्या:

"न्या, भाऊजी. तुमच्यासारखं मन नाही कुणाचं. दुसऱ्या कुणी जावयाने पर्सिदाआजींना असं पुन्हा घरात घेतलं नसतं."

"कुणाला?"

"नाही, काही नाही. मी बोलायला नको होतं."

"वहिनी, काय ते बोला."

"मला वाटलं, तुम्ही पाहूनच मागितलंत." त्या बोट कापडापासून अंतरावर धरून म्हणाल्या, "हा वरचा पिवळा. त्यांचा रविवारचा रुमाल नाही का? आणि हा लाल, मुडपलेला ओठ. दुसरा पेला भरताना असाच मुडपायच्या."

ओब्रादराव वाकले. "आणि या निळ्यात, हे इथे पुढे आलंय ते?"

"ते मला नाही ओळखू येत," मिलुंकाबाई निरागसपणे म्हणाल्या.

"नाक," ओब्रादराव म्हणाले. ते एक पाऊल मागे गेले. "वहिनी, हे तिचं नाक आहे."

इतक्यात ओले केस पिळीत इस्क्रा अंगणात आली. ओब्रादरावांनी तिला गाठले.

"मुली, खरं सांग. ही माझी सासू आहे का?"

आठवडाभर या मुलीने, माझे चित्र कशाचेही नाही, याच एका वाक्यावर पाणचट रस्सा गिळला होता. तेच वाक्य ती आता उच्चारील, आणि चित्र रस्ता ओलांडून जाईल. इस्क्राने ओब्रादरावांकडे पाहिले, करपलेल्या कढईकडे पाहिले, मग मिलुंकाबाईंकडे बराच वेळ पाहिले.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला एकदा दिसलं ते मला पुसता येणार नाही."

ओब्रादरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "वहिनी, माझा हात मी मागे घेतो. दोष माझा, सगळ्या गावाला मी सांगेन. पण रोज जेवताना हिने माझ्याकडे बघायचं, हे मला झेपणार नाही."

"तुमची मर्जी, भाऊजी. मी काय बोलणार."

ते गेल्यावर इस्क्रा कापडासमोर उकिडवी बसली.

"काकू, काय केलंत हे माझ्या चित्राचं?"

"वाचवलं."

"नाक घातलंत त्यात."

"तुला दिसतंय?"

इस्क्राने मान कलती केली. "आता दिसतंय," ती कडवटपणे म्हणाली.

त्या संध्याकाळी मिलुंकाबाईंनी तिच्या ताटलीत अख्खी कोंबडी वाढली.

चित्र खिळ्यावर लागले. इस्क्रा गेली, तरी नाक गेले नाही. मिलुंकाबाईंच्या कर्माचे फळ त्यांच्याच भिंतीवरून त्यांच्याकडे पाहत होते. त्या रोज दुपारी घेवडा सोलीत त्यासमोर बसत आणि काहीही न शोधण्याचा निश्चय करीत. शोधणे सोपे होते. न शोधण्यास फार कष्ट पडत. शरद आला, कुलसंताचा सण आला, घर भरले. ओब्रादराव आले ते चित्राकडे पाठ करून बसले. सूप संपल्यावर त्यांनी हळूच विचारले:

"वहिनी, अजून आहे का ती?"

मिलुंकाबाईंनी वर पाहिले. रुमाल नव्हता, ओठ नव्हता, नाकाचा मागमूस नव्हता. त्यांनी निळ्याकडे पाहिले, आणि पिवळा जरासा जवळ आला.

"आहे तर," त्या म्हणाल्या, आणि ओब्रादरावांचा पेला दुसऱ्यांदा भरला.

येथवर वाचण्याचे श्रम ज्यांनी घेतले, त्या सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवितो.

आपला नम्र,
धोंडीराम केशव खटावकर
मुक्काम दुदिनोवो