मागच्या ऍक्सलचे दात

मिस्त्रीच्या बोटांवर त्याच्या साडूचं दुकान चालायचं, असं साडू स्वतःच चारचौघांत सांगायचा. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिअरची नवीन पेटी आली की साडू ती फळीवर मांडायच्या आधी मिस्त्रीला निरोप धाडायचा. मिस्त्री यायचा, हात फडक्याला पुसायचा, डोळे अर्धे मिटून दातांवरून बोट फिरवायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, "इथे हत्यार अडखळलंय." भिंग लावून पाहिलं की नेमकी तिथेच केसाएवढी रेघ निघायची. साडू गिऱ्हाइकांकडे वळून म्हणायचा, "बघा! आमच्या घरात यंत्र लागत नाही. सासऱ्यांनी जावई बघून आणलाय."

दीड वर्षापूर्वी ही बोटं झोपायला लागली. आधी करंगळी, मग शेजारची, मग एकेक करत सगळी. मिस्त्रीला साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या, पथ्य तो आपल्या सोयीने पाळायचा. सकाळी उठला की बोटांच्या टोकांना कुणीतरी जाड हातमोजे घातलेत असं वाटायचं आणि दिवसभर ते निघायचे नाहीत. बारीक वॉशर हातातून पडला की तो म्हणायचा, "तेल फार झालंय." त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच.

बायको जीप चालवायची. डोंगरमाथ्यावर मोबाइलचे मनोरे होते. त्यांच्या दुरुस्तीला वायरमन आणि त्यांचं सामान वर पोचवायचं काम तिच्याकडे होतं. शेवटचे नऊ किलोमीटर रस्ता नव्हताच, नुसते दगड आणि घसरती खडी. ही वाट चढणारी गाडी गावात तिचीच. जीप एकोणीस वर्षांची, आणि ती बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलचे भाग काढणं केव्हाच बंद केलेलं. त्यामुळे मागच्या ऍक्सलमधली क्राऊन-पिनियनची जोडी खडखडायला लागली, तेव्हा बाहेरच्या कारखान्यांनी बनवलेल्या जोड्यांतूनच एक निवडावी लागणार होती. पिनियन म्हणजे छोटा गिअर, तो ताटाएवढ्या क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. चढावर सगळा भार या दोघांच्या दातांवर येतो.

साडूने चार पेट्या काढून ठेवल्या होत्या. शनिवार असल्याने दुकानात गर्दी होती, आणि मिस्त्री आलेला पाहून दोनतीन मेकॅनिक उगाचच रेंगाळले.

"बसा हो सगळे," साडू म्हणाला. "वधूपरीक्षा सुरू होतेय."

पहिली पेटी मिस्त्रीने उघडली आणि लगेच बंद केली. क्राऊन आणि पिनियन एकत्र घासून जुळवलेले असतात, म्हणून दोघांवर एकच नंबर ठोकलेला असतो. इथे दोन वेगळे नंबर होते. "यांची ओळखसुद्धा नाही एकमेकांशी," तो म्हणाला. मेकॅनिक हसले. दुसऱ्या जोडीचे दात त्याने मोजले. एक दात कमी होता. पुढच्या ऍक्सलपेक्षा मागचा वेगळ्या हिशोबाने फिरला तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडणार. तीही बाद.

राहिल्या दोन. नंबर जुळलेले, दात बरोबर, रंग सारखा, वजन सारखं. आता खरं काम होतं. मिस्त्रीने हात पुसले, एक क्राऊन मांडीवर घेतला, डोळे अर्धे मिटले आणि बोट फिरवलं.

काहीच नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी बोट लोखंडावरून फिरत होतं आणि तो नुसता बघत होता. त्याने जोर दिला. मग नख लावून पाहिलं. नखातून पूर्वी दाताची कड न् कड वर यायची, आता नख घसरतंय की अडतंय हेही कळेना. दुसरी जोडी घेतली, तेच. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसेच.

कोपऱ्यात खिळ्याला कानस टांगलेली होती. दाताच्या कडेला बारीक कानस लावून बघितली असती तर लोखंड पक्कं की कच्चं ते कळलं असतं. पक्क्यावर कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरते, कच्च्याला चावते. पण ती परीक्षा नवशिक्यांची. तो कानस मागतोय हे या चारजणांनी पाहिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

"ही," मिस्त्री म्हणाला, आणि डावीकडची पेटी पुढे सरकवली. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तिचा पुठ्ठा जाड होता, एवढंच.

"झालं! पसंत आहे मुलगी," साडू म्हणाला.

रविवारी त्याने अंगणात जीप उचलून जोडी बसवली. बायको बॅटरी धरून बाजूला उकिडवी बसली होती. दातांना पिवळा लेप लावून चाक फिरवायचं आणि लेप कुठे पुसला गेला ते पाहायचं, अशी बसवण्याची रीत. पुसल्याचा डाग दाताच्या मधोमध यायला हवा. डाग कडेला येत होता. त्याने पातळ पत्र्याची चकती बदलली, परत फिरवलं, परत कडेला. तीन चकत्या हातातून पडल्या. चौथी बायकोनेच उचलून त्याच्या बोटांत दिली.

"दमलात का?" तिने विचारलं.

"दमायला काय झालं? नवा माल आहे, बसायला वेळ घेतो."

"मग उद्या बसवू. सोमवारच्या फेरीला मी वायरमनना नाही म्हणून सांगते."

"नाही कशाला म्हणतेस? तीन दिवस मनोरा बंद आहे, सगळं खोरं खोळंबलंय. झालंच आता."

अखेर डाग साधारण मध्ये आला. साधारण. पूर्वी त्याने साधारणवर झाकण लावलं नसतं.

संध्याकाळी त्यांनी डांबरी रस्त्यावर चक्कर मारली. बायकोने पेडलवरून पाय काढला की मागून एक बारीक गुणगुण येत होती, लांबवर कुणीतरी एकाच सुरात रडत असल्यासारखी.

"हा आवाज आधी नव्हता," ती म्हणाली.

"रुळेल."

"रुळेल ना?"

"रुळेल म्हटलं ना."

तिने पुढे विचारलं नाही. बावीस वर्षांत गाडीच्या बाबतीत तिने त्याला दुसऱ्यांदा कधी विचारलंच नव्हतं. आज विचारलं होतं, हे त्याला घरी आल्यावर जाणवलं.

सोमवारी सकाळी चौघे वायरमन सामान घेऊन आले. त्यांतल्या लंबूला आत पाय मावत नसत, म्हणून तो मागच्या पायरीवर उभा राहूनच जायचा. जीप निघाली. कोपऱ्यावर बायकोने वेग कमी केला आणि ती गुणगुण अंगणापर्यंत आली. कालच्यापेक्षा मोठी होती. काल गाडी रिकामी होती, आज भरलेली, आणि सपाट रस्त्यावरच ती गुणगुण चढत चालली होती. मिस्त्री फाटकापर्यंत धावला आणि त्याने हात वर केला, "थांब" म्हणून. बायकोने आरशात पाहिलं. खिडकीतून हात काढून तिनेही हलवला, आणि जीप वळली.

त्याने फोन लावला. आधी ती चालवताना उचलत नाही म्हणून वाजत राहिला. मग ती गावाची हद्द ओलांडून खोऱ्यात शिरली असावी, तो लागेनासाच झाला. खोऱ्याला रेंज देणारा मनोरा तोच होता, जो दुरुस्त करायला ती निघाली होती.

तो तडक साडूच्या दुकानात गेला. साडू नुकतं शटर उघडत होता.

"त्या जोडीची दुसरी पेटी आहे? त्याच कारखान्याची?"

"आहे की. का, आवडली एवढी?"

मिस्त्रीने पेटी फोडली, खिळ्यावरची कानस काढली आणि दाताच्या कडेला लावली. कानस चावली. करकरली, आणि काळ्या पिनियनवर पांढरी चकचकीत खाच उमटली. न निवडलेल्या जोडीला लावली, तिथे ती घसरून गेली. एक ओरखडासुद्धा नाही.

साडू दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिला. "मग तुम्ही ही घेतलीत कशी?"

"मला कळलं नाही."

"तुम्हाला? अहो, तुम्हाला कळत नाही असं..."

"बोटांना कळत नाही, साडू. दीड वर्ष झालं. मी गरम चहाचा पेला धरतो तेव्हा तो गरम आहे हे मला वाफेवरून कळतं."

साडूने शटर परत खाली ओढलं आणि व्हॅनची किल्ली घेतली.

डांबर जिथे संपतं तिथे व्हॅन थांबली. त्यापुढे तिचं काम नव्हतं. मिस्त्री उतरून थोडं चालत गेला, पण पंधरा मिनिटांत घाम फुटून पाय लटपटायला लागले आणि साडूने त्याला धरून परत आणलं. मग दोघे दगडावर बसले. वर डोंगर स्वच्छ दिसत होता, मनोऱ्याची काडीही दिसत होती, वाट मात्र झाडीत होती. मिस्त्री दर थोड्या वेळाने फोन लावायचा. साडूने एकदा पाण्याची बाटली पुढे केली, त्याने घेतली नाही.

"वहिनी हुशार आहेत," साडू म्हणाला. घाबरला की तो मेहुणीलासुद्धा वहिनी म्हणायचा.

"तिला आवाज आला होता. मी गप्प बसवलं."

दुपार कलली तेव्हा झाडीतून इंजिनाचा आवाज आला. जीप अगदी सावकाश, दगड चुकवत उतरत होती. मागे तिघे वायरमन सामान खांद्यावर घेऊन चालत होते. लंबू पुढे बायकोशेजारी बसला होता, गुडघे छातीशी घेऊन, आणि त्याचा उजवा हात कुणाच्या तरी शर्टाने गळ्यात बांधलेला होता.

बायको उतरली. कोपरापर्यंत काळी झाली होती. "दात गेले," ती म्हणाली. "सहाव्या किलोमीटरला. वाटेत दगड आला म्हणून चढावर थांबले होते, हँडब्रेक लावून. परत निघताना मागून कडाड झालं."

पुढचं तिने सांगायची गरज नव्हती. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, इंजिनाकडून मागच्या ऍक्सलला फिरवत नेणाऱ्या दांड्यावर असतो. दात तुटले की दांडा आणि चाकं यांचा संबंध सुटला, आणि त्याच क्षणी ब्रेकही गेला. तिने पायाचा ब्रेक दाबला तेव्हा चाकं थांबली, पण खडीवरून गाडी तशीच मागे घसरत गेली. लंबूने पायरीवरून उडी टाकली आणि तो मनगटावर पडला. गाडी दरडीला टेकून थांबली. दुसऱ्या बाजूला दरड नव्हती.

"दांडा मीच काढला. झाकण उघडून तुकडे वेचले आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांच्या जोरावर उतरवली," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलं होतं तसं."

तिने खिशातून एक तुटका दात काढून त्याच्या हातात दिला. मिस्त्रीने तो बोटांत फिरवून पाहिला. मोडलेली जागा आतून भुरकट, दाणेदार होती. तो दात चिमटीत दाबत राहिला.

"अहो, रक्त येतंय."

त्याने खाली पाहिलं. अंगठ्यात दाताची धार चांगली रुतली होती आणि रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हाताकडे, मग परत चेहऱ्याकडे. तिने दात काढून घेतला आणि स्वतःचं नख त्याच्या मधल्या बोटाच्या टोकात जोरात रुतवलं. तो नुसता बघत राहिला.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

लंबू गाडीत कण्हला. "नंतर बोलू," ती म्हणाली, आणि साडूकडे वळली. "भावोजी, याला आधी दवाखान्यात न्या."

लंबूचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. वायरमनचा हात तो. मिस्त्री दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेला. लंबूच म्हणाला, "तुमचा काय दोष मिस्त्री, लोखंडच खोटं." मिस्त्रीने दोष सांगितला. लंबू ऐकून घेत गेला आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बरं. या आता."

डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचून पाहिली, तळव्यांना टोचली, आणि सांगितलं की गेलं ते बहुतेक परत येणार नाही. राहिलंय ते सांभाळायचं. बायको शेजारी बसून सगळं वहीत लिहून घेत होती, काय खायचं, काय नाही, अनवाणी कुठे चालायचं नाही. घरी ती त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. फक्त जेवताना एकदाच म्हणाली, "मी विचारलं होतं ना हो."

त्या आठवड्यात ती नवीन जोडी आणायला निघाली. "येताय?" तिने विचारलं, आणि तो गाडीत बसला. उसनी मागून आणलेली कुणाची तरी जुनी मोटार होती. दुकानासमोर तिने इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "बसा तुम्ही, आत गर्दी आहे." गर्दी नव्हती. काचेतून सगळं दिसत होतं. साडूने पेट्या काढल्या, ती वाकली, नंबर ताडून पाहिले, दात मोजले, मग साडूकडे हात पुढे केला आणि कानस घेतली. आत दोघे मेकॅनिक होते. तिला कुणाचीच लाज वाटत नव्हती. एका पेटीशी ती बराच वेळ थांबली, काहीतरी विचारलं, साडूने मान हलवली, आणि साडूची नजर क्षणभर बाहेर गाडीकडे आली आणि घाईने परत गेली.

ती पेटी घेऊन आली, मागच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली.

"कुठली घेतलीस?"

तिने कारखान्याचं नाव सांगितलं. मिस्त्रीने ते कधी ऐकलं नव्हतं. मागे वळून पेटी उघडावी, निदान एकदा हातात घ्यावी, असं त्याला फार वाटलं. त्याने हात मांडीवर उलटे करून पाहिले, अंगठ्यावरची पट्टी नीट केली.

"बसवायला पलीकडच्या गॅरेजवाल्याला सांगितलंय," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "उद्या सकाळी येईल."

"बरं," मिस्त्री म्हणाला.