दांडीवरचा टॉवेल

"एक जरी तक्रार आली, तरी तुझे ते ऑनलाइन वर्गातले प्रयोग बंद," असं सासऱ्यांनी बजावलं होतं, आणि तक्रार आलीच. कोपऱ्यातल्या खोलीतला पाहुणा ओलाकिच्च टॉवेल चिमटीत धरून काउंटरशी उभा राहिला. "काल मी हा मुद्दाम खाली टाकला होता. आज तोच परत दांडीवर!"

सूनबाईनं तो टॉवेल त्याच्या हातून घेतला. मोजक्या खोल्यांचं घरचं हॉटेल. लेक झोपली की तेवढ्यात ती फोनवर लहान हॉटेलांसाठीचा पर्यावरणाचा अभ्यासक्रम करायची. इथं रोज झाडून सगळे टॉवेल धुतले जायचे. साबणाचा फेस मागच्या ओढ्यात, आणि दार उघडं दिसलं की लेक रांगत तिकडेच! म्हणून तिनं खोल्यांत पाट्या लावल्या होत्या : टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर ठेवा, धुवायला द्यायचा तर खाली टाका.

तिनं माफी मागून पाहुण्याला कोरा टॉवेल दिला.

"पाट्या काढ," सासरे म्हणाले.

"बाबा, उद्यापर्यंत थांबा. कुठं बिनसलं ते बघते तरी."

बघण्यात तिचा हात कोण धरणार! लेकीनं कूस बदलली तरी हिला जाग यायची. लेकीला कडेवर घेऊन ती सासूबाईंच्या मागोमाग निघाली. खोल्या आवरायचं खातं लग्न झाल्यापासून त्यांचंच. त्या न्हाणीघरात शिरल्या, खाली पडलेला टॉवेल उचलला, झटकला, दांडीवर टाकला आणि मग झाडू हातात घेतला. झाडलोट, चादरी आटोपून पुन्हा आत डोकावल्या.

"हाही दांडीवरच! पाहुणे शहाणे झाले हो तुझे."

"आई, तो मघाशी तुम्हीच टाकलात."

सासूबाई जागच्या जागी थबकल्या. "अगं बाई! खाली काही पडलेलं दिसलं की हात शिवशिवतात माझे. म्हणजे सगळा घोळ माझाच की!" आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक न्हाणीघरात टोपली आली, पाट्या नव्यानं लिहिल्या गेल्या. धुवायचा टॉवेल टोपलीत. सासूबाईंनी उचलावं असं खाली काही पडणारच नव्हतं.

पुढच्या वर्गात तिनं ही फजिती सांगितली, तशी पडद्यावरची एक हॉटेलवाली ओरडली, "अय्या, म्हणूनच आमचेही पाहुणे इतके गुणी!" सगळे हसले. सासूबाईंनी मध्येच डोकं घातलं, "टोपल्या घ्या गं, नाहीतर माझ्यासारखीला खोल्यांत सोडू नका!" शिक्षिकेनं टोपलीचा प्रयोग सगळ्यांनाच करून बघायला सांगितला.

सासरे काउंटरवरून कान देऊन ऐकत होते. इतक्यात नव्या पाहुण्यानं विचारलं, "न्हाणीघरात ती टोपली कशाला?"

"ती आमच्या सूनबाईंची पद्धत," सासरे ताठ होत म्हणाले. "आता दुसरी हॉटेलंही उचलतायत." मग तिच्याकडे वळून, "आणि काय गं, पाट्यांवरची अक्षरं जरा मोठी कर. माझ्या वयाचे पाहुणेही येतात म्हटलं!"