पेटीला पाडलेली बावन्न भोकं

पुंजाराममामांनी माझ्या स्पीकरच्या पेटीला मागून गिरमिटानं बावन्न भोकं पाडली. मोजली मी. राग आला की मी मोजतो.

साल १९८२, चौदा एप्रिलची संध्याकाळ. दहा मिनिटांवर आईचं गाणं. तिचा आवाज जाड, खोल. मागच्या जयंतीला कमिटीच्या भोंग्यानं त्याची पिपाणी केली आणि पुढं बसलेली पोरं हसली. "पुन्हा तसं वाजलं तर गाणं सोडलं," एवढंच ती म्हणाली, आणि ती बोलते ते करते. म्हणून मी अंबडच्या कारखान्यातून मशीनच्या खोक्याचं प्लायवूड मागून आणलं, चार महिने खपून बंद पेटी केली, सांधे सरसानं लिंपले, आत जुनी गोधडी कोंबली, स्पीकर बसवला. मुंगीला शिरायला फट नव्हती.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, जयंती कमिटीचे अध्यक्ष. पांढऱ्या सफारीवरचा भुसा झटकत उभे होते.

"मामा, हे काय केलंत?"

"आवाजाचा कोंडमारा होत होता रे. मोकळा केला."

"कोंडायलाच पेटी केली होती."

"आपण कुणाला कोंडायचं नाही. तत्त्व आहे आपलं."

"हे तत्त्व नाही, प्लायवूड आहे. स्पीकरचा पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागं ओढतो. मागचा आवाज भोकांतून बाहेर आला की पुढच्याला खातो. आधी जाड आवाज खातो."

"बारीक उरतो ना? भागव तेवढ्यावर."

मी माइकवर "हॅलो" म्हटलं. पिपाणी. आईनं ऐकलं, पदर खोचला आणि घराकडं निघाली.

भोकांत लांबी भरली तर सुकायला रात्र जाते. चिकटपट्टी कमिटीनं पताकांना संपवली होती. बावन्न भोकं झाकेल एवढं रुंद आणि मऊ असं तिथं एकच काही होतं.

"मामा, पेटीला पाठ लावून बसा."

"माझं भाषण आहे."

"बसा म्हणतो ना." गिरमिट माझ्या हातात होतं.

मामा बसले. मी परत "हॅलो" म्हटलं. जाड, भरून आलं. आई वळली.

तिसऱ्या गाण्याच्या मध्येच मामा खिशातून भाषणाचा कागद काढत उठायला लागले. आवाज लगेच पातळ झाला. आई थांबली.

"पुंजा," ती माइकमधूनच म्हणाली, "बस खाली."

'पुंजा' पातळ आलं. 'बस खाली' चारशे माणसांच्या छातीत वाजलं.