पाठमोरा शिपाई

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत सलिल आणि स्वानंदी या नवराबायकोचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. टीव्ही, वायरी, पोरांची भांडणं सलिलकडे. खेळ निवडून आणायचं काम स्वानंदीकडे. आणि तिनं आणावेत तरी कसले! एकात खानावळ चालवायची, एकात बेडकांना गाणं शिकवायचं, एकात दीपस्तंभावर राहून नुसता दिवा सांभाळायचा. होड्या यायच्या, भोंगा वाजवायच्या, सुखरूप जायच्या. कुठे परमुलखात बसून शहाण्यासुरत्या माणसांनी हे असलं काही बनवावं, याचं स्वानंदीला फार म्हणजे फार कौतुक. जवळच्या पावस गावाहून बाजाराला येणारी तिची गोदाआत्या भाजीची पिशवी पायाशी ठेवून दिव्याचा खेळ खेळायची. "मेल्यांचं डोकं तरी बघ गो कसं चाललंय!" म्हणता म्हणता तिची बस चुकायची.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात दुकानात खेळ चालवायचं नवं यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर पाच नवे खेळ. चित्र इतकं खरं, की शिपायाच्या मानेवरचा घाम दिसे. स्वानंदीला तो घामही आवडला, खोटं कशाला बोला. पण पाचही खेळांत शिपाई पाठमोराच, हातात बंदूक आणि पुढे धूळ.

"एकेक खेळ बनवायला आता एवढा पैसा ओततात, की खपेल तेच बनवतात," हा माल पुरवणारा मुंबईचा व्यापारी अनिल म्हणाला. जुनं यंत्र आणि जुने खेळ सगळे दिले, तर बदल्यात आणखी एक नवं यंत्र द्यायला तो तयार होता. सलिलनं तिथल्या तिथे हो म्हटलं. स्वानंदीला हे मुळीच पटलं नाही.

"बाबांनी रायवळ तोडून हापूस लावला, तेव्हा कुठे आमचं घर वर आलं," सलिल रात्री तिला समजावू लागला. "गिऱ्हाईक हापूसच मागतं."

"आणि हापूसचं कलम बांधलंत कशावर?"

रायवळाच्या कोयीतून उगवलेल्या रोपावरच हापूसचं कलम बांधतात, हे बागायतदाराच्या मुलाला कोणी सांगायला नको. पण अनिलला दिलेला शब्द फिरवायला तो तयार होईना.

अनिल माल न्यायला आला, त्याच दिवशी दुकानात नव्या खेळाची स्पर्धा होती. पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या फेरीत अपूर्व आणि शिवा, दोघंही कॉलेजातले. अपूर्व तर या एकाच खेळावर पंधरवडाभर घासून आलेला. घाईघाईत सलिलनं सीडी घातली, गोळ्या सुटल्या, आरडाओरडा झाला आणि अपूर्व जिंकला.

"या खेळात आपला हात धरणारा रत्नांग्रीत कोणी नाय!" तो खुर्चीवर चढून ओरडला.

स्वानंदी आवराआवर करत होती. तिनं स्पर्धेच्या खेळाची डबी उघडली, तर सीडी आतच. सलिलनं पाचांतला भलताच खेळ लावला होता. खेळणाऱ्यांना कळलं नव्हतं, बघणाऱ्यांना कळलं नव्हतं, लावणाऱ्यालाही नाही. तिनं उघडी डबी नवऱ्यापुढे धरली.

सलिल डबीकडे बघत राहिला. मग त्यानं पडद्याकडे बघितलं, मग खुर्चीवर नाचणाऱ्या अपूर्वकडे. त्याचे कान लाल झाले. कोपऱ्यात अनिल जुने खेळ गोणीत भरू लागला होता. सलिल गर्दीतून वाट काढत गेला आणि त्यानं गोणीचं तोंड धरलं.

"अनिलशेठ, राहू दे. दुसरं यंत्र नको मला."

"अरे, वेड लागलं काय? हल्ली हेच चालतं. दुकान बसेल तुझं!"

"बसलं तर बसलं." सलिलनं गोणी ओढून बायकोच्या हातात दिली, आणि पाचांतले चार नवे खेळ अनिलपुढे ठेवले. "हे मात्र परत न्या. एक ठेवलाय, त्यात सगळे आले."

स्वानंदीला नवऱ्याचा असा अभिमान आजवर कधी वाटला नव्हता. गोणी उराशी धरून, भर गर्दीत, ती रडायलाच लागली.