कडक रुमाल

नवरा तसा नाकासमोर चालणारा, पण नाकच आतून वाकडं निघालं. नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, नाकातल्या पट्ट्या निघाल्या आणि दोघं पुन्हा आपल्या लाँड्रीत उभी राहिली. तो इस्त्रीच्या टेबलावर वाकला की डाव्या नाकपुडीतून नितळ पाणी टपकायचं.

"सर्दी आहे गं. राईचा पर्वत करू नकोस."

एकाच नाकपुडीला सर्दी कशी होते? शेवटी तिनेच डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

डॉक्टर म्हणाले, क्वचित मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळतं. तसं असेल तर वेळ घालवू नका, जंतू वर चढले तर जिवावर बेतेल. ताप नव्हता, डोकं दुखत नव्हतं. मग त्यांनी एक खूण विचारली. शेंबूड वाळला की रुमाल कडक होतो, ते पाणी वाळलं तर मऊ राहतो. तुमचा कसा आहे?

नवऱ्याने खिशातला कालचा रुमाल चाचपला. "कडक! नुसता पुठ्ठा झालाय, डॉक्टर."

"मग चार दिवसांनी सावकाश दाखवा."

"बघ, उगाच जिवाला घोर," म्हणत त्याने इस्त्री उचलली. चेहरा असा खुलला होता! पुन्हा त्या ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही, असं तो रोज म्हणायचा.

तिने मात्र तो रुमाल हातात घेऊन पाहिला. घरातले सगळे रुमाल ती खळीत बुडवायची. लाँड्रीवाल्याच्या खिशात मऊ रुमाल शोभत नाही, हा तिचाच हट्ट. तो रुमाल कशानेही भिजला तरी वाळून कडकच होणार होता. बोलावं तर त्याला पुन्हा त्याच टेबलावर पाठवायचं. गप्प बसावं तर काय होईल, याचा विचारही तिला करवेना.

तिने बिनखळीचं जुनं फडकं त्याच्या नाकाखाली धरलं. "वाका."

"अगं, आत्ताच तर..."

"त्या रुमालाला मी खळ घातली होती. वाका म्हणते ना!"

थेंब पडले. तिने त्या ओल्या जागेवरून इस्त्री फिरवली, वाफ उडाली. कोरडं फडकं तिने त्याच्या हातात दिलं. सगळा जन्म कपड्यांत गेलेला माणूस; बोटं लावताच त्याला कळलं. ते मऊ होतं.

तिने पुन्हा फोन लावला. डॉक्टरांचा आवाज या वेळी बदलला. "वाकू नका, नाक शिंकरू नका, लगेच निघा."

वाकायचं नाही म्हणून तो स्टुलावर ताठ बसला आणि ती खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधू लागली.

"भीती वाटतेय गं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं.

"मलाही," ती म्हणाली. "उठा."