साखरेच्या डब्यातलं मीठ

"गुंड्या, अरे चहा केलास की समुद्र आणून ओतलास कपात?"

आत्यानं पहिला घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि कप बशीत आदळला. समोर तिचा भाचा हातात गाळणी घेऊन उभा होता. वय पंचेचाळीस, डोक्यावर अर्धं टक्कल, आणि चेहरा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा.

बाहेरच्या जगात या गुंड्याला गुंड्या म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो बस आगाराचा स्टोअरकीपर. ब्रेकच्या लायनरपासून वायपरच्या रबरापर्यंत हजारो सुटे भाग त्याच्या ताब्यात, आणि कुठलाही भाग मागा, दोन मिनिटांत हजर! 'सर्वोत्तम भांडार' म्हणून मिळालेली पितळी ढाल त्यानं दिवाणखान्यात अशी ठेवली होती, की पाहुण्यानं चपला काढायच्या आत ती त्याच्या डोळ्यांत भरावी. पाणी मागायच्या आधी बिचाऱ्याला ढालीची हकिगत ऐकावी लागे.

आणि हाच गृहस्थ स्वतःच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत शिरला, की त्याची आंधळी कोशिंबीर सुरू व्हायची.

आता तुम्ही म्हणाल, डब्यावर 'साखर' असं लिहिलेलं त्याला वाचता आलं नाही का? आलं हो, तेच तर नडलं! त्या घरात डब्यावर एक आणि डब्यात भलतंच. मिठाच्या डब्याचं झाकण सैल झालं, मीठ ओलं व्हायला लागलं, म्हणून ते साखरेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात गेलं. साखर चहापत्तीच्या डब्यात गेली, चहापत्ती बिस्किटांच्या डब्यात, आणि बिस्किटं कुठं गेली ते एका गुंड्याच्या बायकोलाच ठाऊक. प्रत्येक अदलाबदलीला पक्कं कारण होतं, फक्त ते सगळं तिच्या एकटीच्या डोक्यात होतं. पंधरा वर्षं घरात कुणाला काही हवं असलं, की एकच आरोळी उठायची, "अगं, ते कुठंय?" किंवा "आई, ते कुठंय?" आणि ती हातातलं काम टाकून, न बघता हात घालून ती वस्तू काढून द्यायची. मग नवरा कौतुकानं म्हणायचा, "आमच्या घराचा कंप्युटर आहे हा!" तीही हसायची. त्या हसण्यात दमणूक किती होती, ते मोजायला कुणाला सवड होती?

ती रुग्णालयात परिचारिका होती. नवजात बाळांच्या कक्षाची प्रमुख होण्यासाठी तिची निवड झाली होती, आणि त्यासाठी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तीन आठवड्यांचं प्रशिक्षण पुरं करणं भाग होतं. रविवारी ती गेली. जाताना नवऱ्यानं छाती फुगवून सांगितलं, "बिनधास्त जा. अख्खं आगार सांभाळणारा माणूस आहे मी!"

सोमवारी या माणसानं तिला पाच फोन केले. मंगळवारी सात. बुधवारी सकाळी त्याची आत्या राहायला आली. आयुष्यभर मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती ती. अजूनही ती बोलायला लागली, की समोरच्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. गुंड्याला वाटलं, चला, सुटलो एकदाचे! पण आत्यानं बॅग खाली ठेवतानाच बजावलं, "मी पाहुणी म्हणून आलेय, बदली कामगार म्हणून नाही. चहा टाक."

त्या चहाचं काय झालं, ते तुम्ही ऐकलंतच. दुसरा चहा करायला साखर शोधता शोधता गुंड्यानं पुन्हा बायकोला फोन लावला. आणि गुरुवारी दुपारी तिचाच फोन आला. आवाज बारीक होता.

"अहो, काल तुमचा फोन घ्यायला मी वर्गाबाहेर आले ना, तेवढ्यात बाळाला श्वास देण्याचं प्रात्यक्षिक होऊन गेलं. मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या मला. पुन्हा असं झालं तर नाव कमी करणार आहेत. त्यापेक्षा मीच येते परत. रविवारी सकाळची गाडी आहे. घराचे हाल नकोत."

खरं सांगायचं तर गुंड्याचा जीव भांड्यात पडला! "बरं, बघ बाई, तुझं तू ठरव," एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवून चक्क गुणगुणायला लागला.

आत्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती.

"गुंड्या, इकडं ये. तुझ्या आगाराच्या भिंतीवर तू काय लिहून ठेवलंयस रे? मागं मला दाखवलं होतंस."

"'एकाच्याच डोक्यात जे आहे, ते भांडारात नाही,'" गुंड्यानं अभिमानानं म्हणून दाखवलं. "माझंच वाक्य आहे ते."

"का लिहिलंस?"

"अगं, आमचा एक जुना सहायक होता. सगळं तोंडपाठ. मालाची कार्डं लिहायचा नाही, पाट्या लावायचा नाही. एकदा तो आजारी पडला, तर साध्या फॅनबेल्टसाठी चार गाड्या दिवसभर उभ्या राहिल्या. मी तेव्हा साहेबांना स्पष्ट सांगितलं, दोष त्याचा नाही, माझा आहे. एकाच माणसावर सगळं सोडून मी निर्धास्त बसलो."

"शाबास! मग आता सांग, या घरात पंधरा वर्षं कोण निर्धास्त बसलंय?"

गुंड्याची नजर कोठीच्या दाराकडं गेली.

"सहायकाच्या वेळी दोष स्वतःकडं घेऊन तू पाट्या लावल्यास," आत्याचा आवाज आता मेट्रनचा झाला, "आणि बायकोची पाळी आली तर तिला कंप्युटर म्हणून मोकळा झालास! मी अशा किती हुशार मुली पाहिल्या ठाऊक आहे तुला? कुणाचं शिक्षण राहिलं, कुणाची बढती गेली. कारण काय, तर घरात मीठ सापडत नाही! अरे, तिथं ती तान्ह्या बाळाला श्वास द्यायला शिकतेय, आणि तू तिला साखरेसाठी बाहेर बोलावतोस?"

गुंड्या खजील होऊन खाली बसला. ढाल समोरच चमकत होती. तिच्याकडं बघवेना त्याला. त्यानं लगेच बायकोला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. पण ती म्हणाली, "तुम्ही म्हणता खरं, पण उद्या पुन्हा फोन येईलच ना? मी ओळखते तुम्हाला."  हातात एकच दिवस होता, शनिवारच्या साप्ताहिक सुट्टीचा.

शनिवारी सकाळी सातला गुंड्यानं बाह्या सरसावल्या. अकरा वर्षांची त्याची लेक, घरात सगळे तिला खारू म्हणत, तीही कंबर कसून उभी राहिली. आत्यानं दारात खुर्ची टाकली.

"आधी सगळं बाहेर काढा. एक कणही आत ठेवायचा नाही."

काय काय निघालं म्हणता! जेवणाचं टेबल भरलं, खुर्च्या भरल्या, शेवटी पलंगावर चादर अंथरून डबे मांडावे लागले. मिठाच्या सहा पुड्या निघाल्या. गुंड्याला मीठ सापडलं नाही, की तो दुकानातून नवी पुडी आणायचा आणि दिसेल त्या फटीत कोंबायचा. तळाला गेलेल्या तांदळात किडे झाले होते. दोन बरण्यांतलं पीठ खवट झालं होतं. बिस्किटांच्या दुसऱ्या डब्यात बटणं निघाली, आणि बटणांच्या डब्यात एकुलतं एक बिस्कीट, दगडासारखं.

"बाबा, हा पसारा आईनं केलाय?" खारूनं विचारलं.

"नाही गं," गुंड्या पहिल्यांदा खरं बोलला. "पसारा आपण केला. आईनं तो लक्षात ठेवला."

मधली फळी पुसायला त्यानं तेलाचा डबा उचलला. खाली अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांत एक टंकलेला कागद होता, त्यावर डब्याच्या बुडाचं गोल तेलकट वळं. त्यानं तो सोडवून उजेडात धरला. रुग्णालयाचं पत्र होतं, सात वर्षांपूर्वीचं. याच प्रशिक्षणासाठी तिची निवड झाल्याचं!

गुंड्या पत्र हातात घेऊन तिथंच खाली बसला. त्याला आठवलं. खारू तेव्हा चार वर्षांची होती. बायकोनं हाच कागद हातात घेऊन विचारलं होतं, "काय करू?" आणि तो पेपरातून मान वर न करता म्हणाला होता, "बघ बाई, तुझं तू ठरव." परवा फोनवर म्हणाला होता, तेच शब्द, अक्षरशः तेच! तिनं पत्र तेलाच्या डब्याखाली अंथरलं, आणि त्याला सात वर्षं पत्ता नव्हता. डोळे भरून आले त्याचे. त्यानं पत्र जपून पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि उठला. आता त्याचा हात दुप्पट वेगानं चालायला लागला.

पण सवय कुठं जाते? दुपारपर्यंत त्यानं फळ्या पुसून चकाचक केल्या, डबे ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. 'अ-२-७', 'ब-१-४', 'क-३-९'. दाराला दोरीनं यादी टांगली. मग कमरेवर हात ठेवून तो आत्याकडं बघायला लागला, जणू दुसरी ढाल आता आलीच.

"खारू, साखर आण," आत्या म्हणाली.

खारू यादी चाळायला लागली. पहिलं पान, दुसरं पान. "बाबा, साखर कच्च्या मालात की तयार मालात?"

आत्या पोट धरधरून हसली. "अरे गुंड्या, सकाळी अर्धवट झोपेत चहा करणारा माणूस तुझं रजिस्टर उघडत बसेल का? घर आहे हे! साखर म्हण की सरळ!"

गुंड्यानं कान पकडले. सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या आणि खारूनं ठळक अक्षरांत नवीन लिहिल्या: साखर, मीठ, तांदूळ, पीठ. रोज लागणारं हाताशी, जड ते खाली, क्वचित लागणारं वर. सुटं सामान काचेच्या बरण्यांत, म्हणजे आत काय ते दिसावं. जुनं पुढं, नवीन मागं, हा आगाराचा नियम मात्र आत्यानंही मान्य केला. खारूच्या उंचीला पोचेल अशी एक फळी, आत्याला वाकावं लागू नये अशी एक. दाराच्या आतल्या बाजूला पाटी आणि खडू: जे संपवेल, त्यानं लिहायचं. संपवणारा कुणीही असो!

संध्याकाळी सहाला, तिचा वर्ग सुटल्यावर, गुंड्यानं फोन लावला.

"येऊ नकोस. आता खरंच येऊ नकोस."

"मीठ सापडलं?"

"सहा पुड्या!"

ती हसली, पण तिचा विश्वास बसेना. "खारूला द्या फोन. खारू, मिरीची बाटली आण बघू." चार पावलं वाजली. "आणली, आई!" "वाटाणे?" "हे बघ, वाजवून दाखवते!" "आणि लोण्याची वाटी..." "ती आम्ही टाकली, आई, तडा गेला होता तिला!" मग फोन गुंड्याकडं आला.  तो म्हणाला, "तेलाच्या डब्याखालचं पत्र सापडलं गं मला."



"टाकलंत?" तिनं हळूच विचारलं.

"नाही. चुकलो मी. तेव्हाही आणि परवाही. तू शिकून ये. तुझ्या येण्याची वाट बघतोय, पण दोन आठवड्यांनी!"

रविवारची सकाळची गाडी तिच्याशिवाय गेली. पुढचे दोन आठवडे घरातून तिला रोज एकच फोन जायचा, वर्ग सुटल्यावर, आणि त्यात कुठल्याही डब्याचा विषय नसायचा.

ती परतली, ती वर्गात पहिली येऊन. गणवेशाच्या पांढऱ्या साडीवर नवा बिल्ला होता, 'प्रमुख परिचारिका'. दिवाणखान्यात ढालीच्या जागी चौकटीत बसवलेलं ते जुनं पत्र होतं, तेलाच्या वळ्यासकट. ती त्याच्यासमोर उभी राहिली. पदरानं काच पुसली, मग डोळे पुसले.  तशीच सवयीनं कोठीत गेली, सगळ्यांसाठी चहा करायला. सवयीनं हात उजव्या कोपऱ्यात गेला आणि रिकामाच परत आला.

"अहो," पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात तिनं विचारलं, "साखर कुठंय?"

गुंड्या लगबगीनं उठला. आत्यानं त्याचा सदरा धरून खाली बसवलं. "वाचता येतं तिला!"

तिनं नजर फिरवली. डोळ्यांसमोर, लेकीच्या अक्षरात, 'साखर'. तिनं झाकण उघडून चिमूटभर जिभेवर ठेवली. साखरच होती! ती खळखळून हसली, आणि मग म्हणाली, "कळलं मला कुठं आहे ते. पण चहा आज तुम्हीच करा."

"करतो ना!" गुंड्या म्हणाला, आणि असा ताठ मानेनं कोठीत शिरला, की ढाल घ्यायला व्यासपीठावरही तो इतक्या रुबाबात चढला नव्हता.

तेव्हा वाचकहो, उद्या सकाळी आपापल्या घरातली कोठी उघडून बघा. 'आमच्या हिच्याशिवाय घरात पान हलत नाही,' असं आपण मोठ्या कौतुकानं सांगतो ना? त्यात तिची कर्तबगारी आहे, हे खरं. पण आपली शोभा नाही त्यात. घर सगळ्यांचं, तर घराची माहितीही सगळ्यांची हवी. मीठ कुठं आहे, हे ज्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होईल, त्या दिवशी तुमच्याही घरातली एखादी बाई तेलाच्या डब्याखाली अंथरलेलं आपलं पत्र बाहेर काढेल!